पडून राहा

कोंबडीला अक्कल नसते असं म्हणणाऱ्या माणसानं ती फक्त रश्श्यातच पाहिलेली असते, असं कौसल्येचं ठाम मत होतं आणि ते ती गिऱ्हाइकाला तोंडावर ऐकवायची. महाल भागातल्या बुधवार बाजारात तिची जागा ठरलेली होती. गावठी कोंबड्यांची टोपली पुढ्यात, पदर कमरेला खोचलेला, आणि जीभ अशी की घासाघीस करायला आलेला माणूस ती विसरून मुकाट्यानं कोंबडी घेऊन निघायचा. धरमपेठेतून सायकलवर येणारे साहेबलोकसुद्धा तिच्याशी जपून बोलत.

तिची एक करामत बाजारभर ठाऊक होती. एखादी कोंबडी फार फडफडायला लागली की ती तिला दोन्ही हातांनी उचलायची, जमिनीवर उताणी टेकवायची, छातीवरून अलगद बोट फिरवायची आणि हात काढून घ्यायची. कोंबडी तशीच पडून. पाय वर, मान एका अंगाला, डोळे उघडे. पाहणाऱ्याला वाटावं, संपलीच.

"मेली का वं मावशी?" एखादं पोर विचारायचं.

"मेली कायची! सोंग करून राहिली. तिले वाटते मी मांजर हाय. मेलेल्या कोंबडीले मांजर घट्ट धरत नाही. जरा पकड ढिली झाली का हे पळालीच समज."

मग ती टाळी वाजवायची. कोंबडी ताडकन उठायची, पिसं झाडायची आणि आपला काहीतरी अपमान झाल्यासारखी चालू लागायची. पोरं खिदळायची. हे बोलणं नुसतं पोरांना रमवायला नव्हतं. तिच्या स्वतःच्या अंगणात एकदा बोक्यानं तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, तोंडात धरली होती. तलंग मऊ पडली, मान लोंबली. बोक्यानं तिला खाली ठेवून जरा इकडेतिकडे पाहिलं, तेवढ्यात ती भुर्रकन छपरावर. त्या दिवसापासून कौसल्येच्या मनात कोंबडीबद्दल जो आदर बसला, तो कधी उतरला नाही. मात्र धंद्याच्या सुरुवातीला एक चूक तिच्या हातून झाली होती. भावाच्या नादात एक कोंबडी फार वेळ उताणी राहिली आणि टाळी वाजवली तरी उठली नाही. तेव्हापासून उताण्या कोंबडीवर ती एक डोळा ठेवून असायची.

इंदोऱ्याच्या वस्तीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा आनंदराव कापडाच्या मिलमध्ये माग चालवणारा साचेवाला होता. छपन्न साली दीक्षेच्या दिवशी पांढरं धोतर नेसून, इवल्याशा गोपिकेला खांद्यावर बसवून तो मैदानावर गेला होता, आणि आल्यावर कितीतरी दिवस वस्तीत छाती काढून चालत होता. त्यानं कौसल्येवर कधी हात उगारला नाही. राग आला की तो अंगणात जाऊन कोंबड्यांना शिव्या द्यायचा आणि कौसल्येनं काय ते समजून घ्यायचं. छातीच्या आजारानं तो गेला तेव्हा गोपिका शाळेत होती. म्हणजे मार खाणं काय असतं हे कौसल्येला खरं तर माहीतच नव्हतं. मारणारा नवरा शेजारीपाजारी असतो, त्याचा आवाज भिंतीपलीकडून येतो, आपण कूस बदलून झोपायचं असतं, इतकंच तिला ठाऊक. आणि तिनं लेकीला जो सल्ला दिला तो असा, काही ठाऊक नसताना दिला.

त्याच्याही आधीची चूक जावई निवडण्याची. काटोलचं स्थळ आलं होतं. रविंद्र नाव, हंगामात व्यापाऱ्यांकडे संत्र्याच्या पेट्या ठोकायचा, एरवी मिळेल ते काम. बघायला आलेली मंडळी चहा घेत असताना खुराड्यातून एक कोंबडी सुटली आणि पाहुण्यांच्या पायांत घुसली. बाकीचे हुसहुस करत राहिले. रविंद्र उठला, खाली वाकला, एका हातानं तिचे पंख मिटवले, दुसरा हात छातीखाली घातला आणि एक पीसही न गळता तिला खुराड्यात सोडून आला. कौसल्येचा निकाल तिथंच लागला. कोंबडीला पायाला किंवा मानेला धरून उचलणाऱ्या माणसाला ती माल विकायलाही नाखूश असायची. हा तर जन्माचा शहाणा निघाला.

"पोट्टा चांगला हाय," पाहुणे गेल्यावर ती शेजारच्या यमुताईला म्हणाली. "कोंबडी कशी धरली पाह्यलं ना?"

"कोंबडी वेगळी अन् पोट्टी वेगळी वं," यमुताई म्हणाली. यमुताईचं आणि तिचं अंगण एकच, मधे फक्त तुराट्यांचं कुंपण. तिला जे दिसेल ते ती बोलायची. त्या बोलण्यावर कौसल्येनं तिच्याशी अबोला धरला आणि लग्नाच्या कामाला माणूस हवं म्हणून तो तिनंच मोडला.

लग्नानंतर गोपिका पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिनं लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं. उन्हाळ्याचे दिवस. विहिरीवर पाणी ओढताना बाही वर गेली आणि कौसल्येला दंडावरचा निळा वण दिसला. बाजारात चार माणसांना पुरून उरणाऱ्या त्या बाईला स्वतःच्या पोरीला काय विचारावं ते सुचेना.

"मारते काय वं तो?"

गोपिकेनं बाही खाली ओढली. मग म्हणाली, "दारू पेला की मारते. मंग सकाळी रडते."

"अन् तू काय करतं?"

"काय करू? ओरडतो, हात धरतो. त्याले अजून राग येते."

आता दुसऱ्या एखाद्या आईनं म्हटलं असतं, जाऊ नको. कौसल्येच्या तोंडाशी तेच आलं होतं. पण नवं नवं लग्न, लोक काय म्हणतील, सुधरेल कदाचित, असं सगळं मधे आलं, आणि जे तिला पक्कं माहीत होतं तेच तिच्या तोंडून निघालं.

"तू हात नको धरत जाऊ त्याचा. पडून राह्य. एक हात पडला का खाली पड अन् हालूच नको. डोये मीट, अंग ढिलं सोड. तो भिऊन जाईन. कोंबडी नाही करत?"

गोपिका हसली. मग दोघींनी त्याचा सरावही केला. हसतच केला. गोपिका अंगणात धपकन पडायची, कौसल्या तिचा हात उचलून सोडून द्यायची, हात खाली पडला तर पास. "मान नको आकडू, मेल्यावर मान कोण आकडते?" असं शिकवायची. कुंपणापलीकडून यमुताई म्हणाली, "हे काय खूळ वं तुमचं?" तर मायलेकी आणखीनच हसत सुटल्या. पुढे कौसल्येला ती दुपार आठवायची आणि सगळ्यात जास्त लाज त्या हसण्याची वाटायची.

सल्ला लागू पडला, हेच वाईट झालं. पुढच्या खेपेला गोपिका आली ती गंमत सांगायलाच आल्यासारखी. ती पडली, तसा रविंद्र घाबरला, तोंडावर पाणी मारलं, पाय धरले, पुन्हा नाही करणार म्हणाला. कौसल्येला कोण आनंद झाला. तिनं यमुताईला बोलावून सगळं पुन्हा वदवून घेतलं. त्याच्या पुढच्या खेपेला मात्र गोपिका फारसं बोलली नाही. आता तो पाणी मारत नाही, एवढंच म्हणाली. शेजारी बसून राहतो, ती उठेपर्यंत. कौसल्येनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिला ते ऐकायचं नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात, संत्र्याचा हंगाम ऐन भरात असताना, गोपिका एकटीच काटोलच्या बसनं आली. अंगावरच्या कपड्यांनिशी. चेहरा पांढराफटक, एक हात डाव्या कुशीवर. आली आणि खाटेवर आडवी झाली.

"लागलं कुठं?"

"कुशीत. लाथ मारली त्यानं."

"मंग पडून नाही राहिली काय तू?"

गोपिकेनं आईकडं पाहिलं. "पडूनच होती माय. जित्ती हाय का मेली ते पाह्यतो म्हणे, अन् पडल्या पडल्या मारली."

हे वाक्य कौसल्येनं ऐकलं. नीट ऐकलं. पण त्याचा अर्थ पोटात उतरला असता तर तिला त्याच क्षणी कबूल करावं लागलं असतं की ती लाथ पोरीला आपल्या शहाणपणानं बसली आहे. माणूस असं सहजासहजी कबूल करत नाही. तिनं वीट तापवून शेकलं, हळदीचा लेप लावला, दूध पाजलं. गोपिका म्हणायची, खांदा दुखते. लाथ कुशीत आणि दुखतो खांदा, म्हणजे बसच्या प्रवासानं अवघडला असेल. उठलं की चक्कर यायची, म्हणजे पोटात अन्न नाही. प्रत्येक दुखण्याला कौसल्येकडे कारण होतं. दवाखान्यात नेऊ, हेही ठरलं होतं. पण आधी त्याचा बंदोबस्त करू, मग निवांतपणे जाऊ.

कारण एक गोष्ट तिनं आता पक्की ठरवली होती. पोरीला परत पाठवायचं नाही. फारकत घ्यायची. आणि वस्तीतल्या पंचांपुढे फारकत मागायची तर साक्षीदार लागणार. काटोलच्या बंद खोलीतली लाथ कुणी पाहिली होती? रविंद्र दिसायला गरीब, बोलायला गोड. पंचांपुढे रडेल आणि गोपिकेला न्यायला मोकळा होईल. तेव्हा त्याला इथं, वस्तीदेखत उघडा पाडायचा. तो न्यायला येईल. तो आला की गोपिकेनं खाटेवर पडून राहायचं. कौसल्येनं गळा काढायचा की पोरगी गेली. यमुताईनं चार बाया जमवायच्या. पोलिसाचं नाव काढलं की तो पळणार, आणि बायकोला मेली समजून टाकून पळालेल्या माणसाला कोणता पंच बायको परत देईल?

यमुताईला बेत पसंत पडला. आजूबाजूच्या बायांच्या कानांवरही तिनं तो घातला. गोपिका तेवढी म्हणाली, "मले नको वं माय ते पुन्हा. मले आता पडून राह्याचं भेव वाटते."

"एकदाच," कौसल्या म्हणाली. "हे शेवटचं. मंग जन्मभर उभी राह्य."

तो रविवारी आला, भर दुपारी. गोपिका अंगणात उन्हाला बसली होती. कौसल्या खुराड्यापुढे कण्या टाकत होती. गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या यमुताईनं मोठ्यांदा हाक दिली, "आला वं जवाई!" गोपिका उठायला गेली. भिंतीला हात लावून उभी राहिली, "माय..." म्हणाली आणि जागच्या जागी कोसळली. कोंबड्या कलकलत चारी दिशांना पळाल्या.

कौसल्येच्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल, तर ती अशी की वा! खाटेवर पडायचं ठरलं होतं, पण हे किती सरस. शहाणी माझी. आणि ती धावत जाऊन लेकीच्या अंगावर पडली आणि तिनं जो गळा काढला तो पार रस्त्यापर्यंत गेला.

"माही पोरगी गेली वं! मारून टाकली वं माह्या पोरीले! धावा वं बायांनो!"

बाया तयारच होत्या. त्या आल्या, त्यांनी फेर धरला, पदर तोंडाला लावले. काहींनी तो हसू दाबायला लावला होता. रविंद्र दारात येऊन थबकला. कौसल्येनं त्याच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही. ती लेकीच्या छातीवर डोकं टेकून रडत होती, आणि तेवढ्यात तिच्या मनगटाला काहीतरी लागलं. गोपिकेची बोटं. तिनं आईचं मनगट धरलं होतं आणि ओठ हलत होते. कौसल्येचे केस सुटून पुढे आले होते. त्या केसांच्या आडून ती पोरीच्या कानाशी पुटपुटली, "हालू नको. पाहून राहिला तो."

बोटं सुटली. लहानपणापासून ती आईचं ऐकणारी पोर होती.

"मामी," रविंद्र पुढे येत सासूला म्हणाला, "सोंग करते ती. तुमाले माहीत नाही. मले माहीत हाय तिचं सोंग."

"सोंग? तुह्या लाथेनं गेली माही पोरगी, अन् सोंग म्हणतं?"

तो वाकला. बायांनी त्याला अडवायच्या आत त्यानं गोपिकेचा हात उचलला. कौसल्येनं केसांआडून पाहिलं, आता हात आकडते की काय ही. पण हात कसा छान खाली पडला. रविंद्रनं तो पुन्हा उचलला, नखं पाहिली, कपाळाला हात लावला. मग तो झटक्यानं मागे सरला आणि त्याचा चेहरा उतरला.

"मामी, हे सोंग नाही वं. ही थंडी पडून राहिली. घाम पाहा तिचा. दवाखान्यात न्या हिले, आत्ताच्या आत्ता न्या!"

यमुताईनं कौसल्येकडे पाहून डोळा मारला. बेत फत्ते झाला होता. कौसल्येच्या अंगात तर आता वारंच शिरलं. ती उठली, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि जावयाच्या छातीवर मारला.

"आता दवाखाना आठवला तुले? लाथ मारताना कुठं होता दवाखाना? पोलीस बोलावतो मी! नीघ!"

"मी रिक्षा पाठवतो मामी. पाया पडतो तुमच्या..."

"नीघ म्हणतो ना!"

बायांनी त्याला ढकलत ढकलत गल्लीच्या बाहेर नेलं. तो वळून वळून ओरडत होता, काय ते कुणी ऐकलं नाही. सबंध वस्तीत त्या दुपारी खरं काय ते एकट्या त्यालाच कळलं होतं. तिचं खोटं पडणं त्याच्याइतकं कुणी पाहिलंच नव्हतं ना.

तो गेला, तरी कौसल्या रडायची थांबली नाही. तो कोपऱ्यावरून ऐकत असेल, हे एक कारण. आणि दुसरं कारण असं की तिला ते रडणं सोडवेना. लग्नाच्या दोन वर्षांत जे कुणाला मोकळेपणानं सांगितलं नव्हतं ते सगळं त्या खोट्या रडण्यात सांगता येत होतं. दंडावरचे वण, लांब बाह्यांचं पोलकं, कोंबडी धरायच्या रीतीवर भुलून पोर दिली ते. "मीच दिली वं तिले! डोये उघडे ठेवून दिली!" असं ती ऊर बडवून म्हणाली तेव्हा बायांच्या डोळ्यांतही खरंच पाणी आलं. नाटक छान रंगलं होतं आणि नाटकात एक शब्दही खोटा नव्हता. गोपिका तिच्या मांडीशी पडून होती.

शेवटी यमुताई म्हणाली, "पुरे वं. गेला तो." बाया हसत, डोळे पुसत पांगल्या. वाटेत त्यांना एक सायकलरिक्षावाला भेटला. कुणा माणसानं पाठवलं, आजारी बाई आहे म्हणे, असं तो म्हणाला. कोणी आजारी नाही गा, जाय, म्हणून त्यांनी त्याला परत लावलं.

कौसल्येनं अंगणाच्या दाराची कडी लावली. "ऊठ वं माय, गेला."

गोपिका उठली नाही. कौसल्येला त्याचंही कौतुकच वाटलं. लगेच कसं उठायचं? मांजर अजून आसपास असतं. "पड मंग जराशी. चाय ठेवतो तुह्यासाठी, आलं टाकून," असं म्हणून ती आत गेली. स्टोव्हला पंप मारला. स्टोव्ह नीट पेटेना, पिनेनं टोचला, पुन्हा पेटवला. आलं ठेचलं. इकडून ती बोलतच होती. पंचांपुढे काय सांगायचं, गोपिकेला शिवणकाम शिकायला कुठं घालायचं, एखादं शिवणयंत्र मिळतं का पाहायचं. इतक्या दिवसांनी तिचं मन इतकं हलकं झालं होतं. उत्तर येत नाही हे तिच्या ध्यानातही आलं नाही. गोपिका तशीही कमीच बोलायची.

चहाचा कप घेऊन ती बाहेर आली, लेकीजवळ बसली, आणि तिला बसती करायला तिनं तिच्या मानेखाली हात घातला. मान मागं गेली. पोलकं घामानं भिजलेलं होतं आणि अंग गार. पोट टणक लागत होतं. कौसल्येनं कान तिच्या नाकाशी नेला. श्वास होता, अगदी बारीक, मधेच थांबणारा. कप कधी हातातून पडला तिला कळलं नाही.

ती दार उघडून गल्लीत धावली आणि ओरडली. दुसरे शब्द तिच्याजवळ नव्हते. "माही पोरगी गेली वं! धावा वं बायांनो!"

यमुताई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मानही वर केली नाही. "अवं आता कोणासाठी? मोटरस्टँडवर पोचला असन तो."

समोरच्या घरातून कुणीतरी हसलं. "मावशी, आता मात्र कमाल झाली तुमची!"

"खरंच गेली वं! खरंच!" कौसल्या ओरडत होती. मघाशीही ती हेच म्हणाली होती, खरंच. तिनं यमुताईच्या हातातलं सूप भिरकावून दिलं आणि तिचे दोन्ही हात धरले. तोंड उघडलं, पण आता आवाज निघेना. तेव्हा यमुताईला कळलं. ओरडण्यानं नाही कळलं, आवाज बंद झाला तेव्हा कळलं.

मग सगळी वस्ती धावली. रिक्षा नव्हती. कुणीतरी हमरस्त्यापर्यंत पळालं, रिक्षा घेऊन आलं. गोपिकेला आडवी घेऊन कौसल्या बसली, यमुताई मागून पळत होती. रस्त्यात कौसल्या एकच म्हणत राहिली, "हाल वं माय. थोडीशी हाल." मोठ्या दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत मधेच थांबणारा श्वास थांबून गेला होता.

डॉक्टर तरुण होते. आत नेलं, थोड्या वेळानं बाहेर आले. पोटात रक्तस्राव झाला, म्हणाले, आतला अवयव आधीच फाटलेला असावा, हळूहळू गळत राहिला. मग विचारलं, "कधीपासून अशी पडली होती?"

"दुपारपासून," यमुताई म्हणाली.

"दुपारपासून? आणि तुम्ही काय करत होतात?"

ते रागावून बोलले नव्हते. खरंच विचारत होते. कौसल्या त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली आणि मग तिथंच फरशीवर खाली बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पोलिसांचं आणि दवाखान्याचं आटपल्यावर, गोपिकेला घरी आणलं. रविंद्रला काटोलहून धरून आणलं, असं कुणीतरी सांगितलं. कौसल्येनं ते ऐकलं का नाही, कळलं नाही. भन्तेजी आले, त्यांनी त्रिशरण म्हटलं, मेणबत्त्या लावल्या. पुरुष बाहेर थांबले आणि बाया कालच्याच अंगणात, कालच्याच जागी फेर धरून बसल्या. पहिला गळा आईनं काढायचा, मग बाकीच्यांनी. सगळ्या कौसल्येच्या तोंडाकडे पाहत होत्या. कौसल्या लेकीच्या उशाशी बसली होती. डोळे कोरडे. तिच्यामुळे कुणालाच रडता येईना. यमुताईला हुंदका आवरत नव्हता, तो ती पदरात कोंबत होती.

बराच वेळ गेला. बाहेरून विचारणा आली, उचलायचं का म्हणून.

यमुताईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "रड वं कौसल्या. एकदा रडून घे. मोकळी हो. पोरीले असं नको धाडू."

कौसल्येनं मान हलवली.

"रडली ना मी काल," ती म्हणाली. "सारं रडून टाकलं. तिच्या जितेपणीच रडली. ती ऐकून राहिली होती वं, यमुताई. माही माय मले मेली म्हणते, हे ऐकत ऐकत गेली ती."

पुरुष आत आले, आणि गोपिकेला त्या अंगणातून आईच्या रडण्यावाचून उचललं.